अत्तर लावू का?

परवा कपाट आवरताना अत्तराची कुपी हाताला लागली आणि मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधलं एक हळदीकुंकू आठवलं. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन आलेल्या बाई आपल्या विशीतल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. घर बायकांनी भरलेलं, केवड्याचा घमघमाट सुटलेला. मुलीने कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, पण मी अत्तराचा फाया पुढे करताच हात झटकन मागे ओढला. मी हसत म्हणाले, "भारीच शिष्ट आहे हो तुमची मुलगी." तिची आई हळूच म्हणाली, "तिला ऑटिझम आहे." त्यासरशी माझा सूर बदलला. "अगंबाई, बिचारी." मुलगी माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी शिष्ट नाही आणि बिचारी पण नाही. मला तो वास सहन होत नाही. तुम्ही विचारलंच नाही." तेव्हापासून मी आधी विचारते. निम्म्या बायका सरळ "नको गं" म्हणतात. त्यांना शिष्ट म्हणावं किंवा बिचारी म्हणावं, असं एकदाही माझ्या मनात आलेलं नाही.