पाहुणीच्या जाण्याची तारीख

परदेशी पाहुण्यांची माहिती मागणारा सरकारी कागद आमच्या घरी आला, तेव्हा मी विशीत होते आणि असले कागद चुलीत घाला असं पत्रकात छापून राजापेठेत वाटत होते. तोच कागद मी माझ्या हातानं भरला. कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

आमचा मळा राजापेठेच्या पलीकडे. पुढं शेवंती, मागं वांगी, मधे घर. ओसरीलगतच्या खोलीत डेन्मार्कची एक बाई राहायची. आमच्या शाळेच्या हेडबाईंनी तिला चार दिवसांसाठी आणून सोडलं होतं. चार दिवसांचे चार महिने झाले. ती मोहाच्या झाडाची चित्रं काढायची. पान झालं, कळी झाली, फूल झालं. सर्विस मोटारीनं धारणीच्या जंगलात जायची, धुळीनं माखून परत यायची आणि विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून बसायची. भाकर थापायला शिकली होती. तिची भाकर कडेला फाटायची आणि बाबा नेमकी तीच मागून घ्यायचे. बोलायचीसुद्धा आमच्यासारखं, "माय, मले मिरची नको देऊ वं."

फळाचं चित्र तेवढं राहिलं होतं. मोहाचं फळ ज्येष्ठात पिकतं आणि तिच्या मुक्कामाचा परवाना चैत्रातच संपत होता. वाढवून हवा तर घरमालकानं लिहून द्यायचं: पाहुणी कोण, बापाचं नाव काय, भेटायला कोण येतं, आणि सर्वांत खाली, जाणार कधी.

बाबा आधी एकटेच कचेरीत गेले.

"कधी जाणार त्या?" कारकुनानं विचारलं.

"तिच्या मनाले येईन तवा."

"अहो, तारीख सांगा तारीख!"

"पाहुण्याले कोनी तारीख इचारते का, साहेब? तुमच्या घरी इचारते?"

कारकुनानं कागद परत केला. बाबांचं काय चुकलं? आमच्या घरात पाहुण्याला 'कधी जाता' म्हणणं म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवणं. आत्याचे सासरे एकदा दिवाळीला आले ते होळी करून गेले. कोणी चकार शब्द काढला नाही.

मी मात्र भडकले. "आपल्या घरात कोण जेवतं हे आपण पोलिसाला कळवायचं? पाहुणी काय दरोडेखोर आहे? मी एक अक्षर लिहिणार नाही!"

माय वांगी निवडत होती. "झालं भाषन? मंग दौत घे. तुह्या भाषनानं त्या मोहाले फळ नाई लागत."

घेतली दौत. संध्याकाळी ओसरीवर बसून पाहुणीला एकेक प्रश्न विचारला. बापाचं नाव सांगताना ती हसली, भेटायला कोण येतं म्हटल्यावर तिनं गोठ्यातल्या म्हशीकडं बोट दाखवलं. शेवटच्या रकान्याशी आले आणि मीही कारकुनासारखीच म्हणाले, "कधी जाणार?"

ती "बरं" म्हणाली आणि खोलीत गेली.

सकाळी पाहतो तर ट्रंक बांधलेली. चित्रांची गुंडाळी काखेत, पायात बूट.

"काहून वं? कुठं निंगाली?" मायनं वाट अडवली.

"माय, या घरात असं इचारत नाई. मले माहीत हाय. आता इचारलं, म्हणजे पुरे झालं."

मायनं माझ्याकडं जे पाहिलं, ते आजही अंगावर येतं. "मॅट्रिक झाली अन् अक्कल खुंटीले टांगली! तुले कोनं सांगतलं तिले इचाराले?"

"मग तारीख आणू कुठून?"

"आपन सांगाची," बाबा म्हणाले. "पाहुन्यानं नाई. घरच्यानं सांगाची, अन् लंबी सांगाची. लिव, ज्येष्ठाची अमावस्या."

पंचांग काढलं, इंग्रजी तारीख बसवली, लिहिली. पाहुणीनं आधी बाबांकडं पाहिलं, मग ट्रंकेची दोरी सोडायला बसली. गाठ तिनं अशी आवळली होती की मायला दात लावावे लागले.

परवाना मिळाला, अमावस्येपर्यंतचा. फळ पिकलं, चित्रही झालं; फोडलेलं फळ, आतली बी, सगळं. आम्ही जिंकलो असं मी चार जणांत सांगितलंसुद्धा.

पण आमच्याकडचा पाहुणा नेहमी अचानक उठायचा. डोळ्यांत पाणी यायच्या आत तो रस्त्याला लागलेला असायचा. हिच्या जाण्याचा दिवस मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होता. ज्येष्ठाची पौर्णिमा सरली तशी माय रोज सकाळी विचारायची, "किती राह्यले वं?" मी सांगायची. बारा. नऊ. पाच. बाबांनी विचारलं नाही. ते त्या दिवसांत मोटेपाशीच जेवायचे.

तीन दिवस उरले तेव्हा माय माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "पोरी, आनखी एखादा कागद भरता येत नाई का?"

मी कचेरीत दोनदा जाऊन आले. कारकून नाही म्हणाला.