त्रिनिदादचे दोघे

सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यात आमच्या शिफ्टला त्रिनिदाद बेटावरचे दोन ऑपरेटर होते. एक आफ्रिकी वंशाचा आणि दुसरा दिसायला थेट आपल्यासारखा; त्याचे पणजोबा मजूर म्हणून हिंदुस्थानातून तिकडे गेलेले. हा दुसरा कंपनीच्या बसमध्ये नेहमी माझ्याशेजारी बसायचा. गाण्याच्या चालीत इंग्रजी बोलायचा, माझ्या डब्यातली चपाती हक्काने घ्यायचा. पण आपल्या त्या आफ्रिकी गाववाल्याचं नाव त्याने कधी घेतलं नाही. "आमच्याकडे ते वेगळे, आम्ही वेगळे," एवढंच म्हणायचा.

एका सकाळी गॅस गळतीचा भोंगा वाजला. आम्ही धावत फाटकाशी जमलो. सुपरवायझरने माझ्या बसमधल्या शेजाऱ्याला विचारलं, "तुझ्याबरोबर टाकीवर कोण होतं?"

"कुणी नाही," तो शांतपणे म्हणाला.

त्या दोघांना टाकीवर चढताना मी पाहिलं होतं.

"एक जण वर आहे!" मी ओरडलो.

बचावपथकाने त्याच्या गाववाल्याला खाली आणलं. बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. ॲम्ब्युलन्स निघून गेल्यावर हा माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "तो तुझा कोण लागतो?"

तो हात झटकायचं माझं धाडस झालं नाही.