साहेब, नवऱ्याला गुरुवारपर्यंत आत ठेवा

ती हकीकत आठवली की आजही मला आधी हसू येतं. पोलिसाच्या आठवणी म्हटलं की वाचकांना खून, दरोडे, पाठलाग हवे असतात. तेही माझ्या नोकरीत झाले, पण त्यातले बरेच आरोपी मी विसरून गेलो. ही बाई मात्र विसरलो नाही. नाव कुणाचंच देणार नाही, कारण यातली काही मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांची नातवंडं वाचणारी आहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विक्रोळीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मंगळवारची सकाळ होती. हजेरी नुकतीच आटोपलेली, उचलून आणलेल्या दोन दारुड्यांना कोर्टात पाठवायची गडबड चाललेली. एवढ्यात पन्नाशी ओलांडलेली एक बाई सरळ माझ्या टेबलापाशी आली. अंगावर नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात जेवणाचा डबा.

"सायबानू, माझ्या घोवाक आत टाका."

नवऱ्याच्या तक्रारी रोजच्याच. मी विचारलं, "मारतो का?"

"मारूक तेंच्यात जीव खंय आसा?"

"दारू पितो?"

"सुपारीचा खांड खायत नाय."

"मग गुन्हा काय केलाय त्यांनी?"

"अजून करूक नाय. गुरवारी करतले. गुरवार सरलो की सोडा. डबो मी आणून देतंय."

डबा तिने पहिल्या दिवसाचा म्हणून सोबतच आणला होता. टेबलाच्या कडेला बसलेल्या आमच्या हवालदाराने तोंडावर रुमाल धरला. मी बाईंना बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं.

त्यांना आपण वहिनी म्हणू. त्यांचे यजमान गिरणीत जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. म्हणून त्यांना जॉबर म्हणू. निवृत्त होऊन फंडाचे पैसे हातात आले होते. नवरा-बायको इतकी वर्षं वहिनींच्या भावाच्या खोलीत राहत होते. आता भाच्याचं लग्न ठरलं आणि खोली रिकामी करायची वेळ आली. त्याच चाळीत एक खोली विकायला निघाली होती, फंडात ती जेमतेम बसत होती. पण जॉबरांच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. घाटकोपरला एक नवी कंपनी निघाली होती. ती सोन्याची खाण शोधत होती, आणि शोधण्यासाठी लोकांना भागीदार करून घेत होती. गुरुवारी गुरुपुष्यामृत योग, सोन्याच्या व्यवहाराला त्यापरता मुहूर्त नाही. त्या दिवशी जॉबर सगळा फंड तिथे भरणार होते.

मनात असलेल्या गुन्ह्यासाठी माणसाला कोठडीत घालता येत नाही, हे मी वहिनींना समजावलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "मगे पोलीस कित्याक ठेवलेत?" असं विचारून त्या गेल्या. डबा विसरून गेल्या. त्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण आम्ही दुपारी निपटलं, आणि खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून मी जॉबरांना बोलावून घेतलं.

माणूस मोठा ताठ. धोतर, कोट, काळी टोपी. मी म्हटलं, "काका, पैसे बुडतील."

"बुडतीलही," ते शांतपणे म्हणाले. "साहेब, मी काय अडाणी नाय. मोठी कंपनी सोनं काढते, लहान कंपनी सोनं शोधते. शोधताना मिळालं तर आपण तरलो, नाय मिळालं तर वाट लागली. जोखीम हायच ना. पण गिरणीत काय जोखीम नव्हती? जन्म साच्यांच्या आवाजात घातला, सगळे म्हणायचे पक्की नोकरी. आज त्या गिरणीच्या फाटकाला कुलूप आहे."

मग मी विचारलं, "बरं, खाण आहे कुठे?"

जॉबरांनी ओठ घट्ट मिटले. "ते सांगायचं नाय. देवासमोर शपथ घेतलीय. बातमी फुटली तर दलाल जमिनी घेऊन बसतील."

तपासात मी एक शिकलो होतो: माणूस अभिमानाने गप्प बसला की तिथेच खणायचं असतं. मी हवालदाराला म्हटलं, चल घाटकोपरला. तो म्हणाला, "साहेब, पोट बिघडलंय." बोंबलाचं असेल, असं समजून मी दुसऱ्या शिपायाला घेऊन गेलो.

कंपनीचं ऑफिस साड्यांच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर. मालक चाळिशीचा, सफारीतला, बोलायला गुळासारखा गोड. मोठ्या काचेच्या बरणीत चकाकणारा दगड होता. भिंतभर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यावर एकही खूण नव्हती. कंपनीच्या नोंदणीचे कागद त्याने न मागता पुढे केले, आणि ते व्यवस्थित होते.

"साहेब, सोनं सापडेलच असं मी एकालाही सांगत नाही," तो म्हणाला. "अर्जावर छापलंय, हमी नाही. शोधायला कायद्याची बंदी आहे का?"

बंदी नव्हती. मी हात हलवत परत आलो. मुलुंडला ओळखीचे एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक राहत, त्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "प्रामाणिक माणसाने शोधलं तरी बहुतेक वेळा खाली दगडच निघतो. जे पैसे गेले तरी घर चालेल, तेवढेच अशा ठिकाणी घालावेत. आणि जागा कुठली, परवाना कुणी दिला, हे आधी विचारावं. जागाच सांगत नसेल तर चपला घालून निघावं."

बुधवारी सकाळी मी मालकाला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. जागा सांग म्हटलं, तर तो व्यापारातली गुप्तता सांगू लागला. मी आवाज चढवला तसा त्याने नम्रपणे विचारलं, "साहेबांचं गाव कुठलं?"

"जुन्नरजवळ."

"अरे वा! तिकडचा डोंगर काय साधा नाही हं साहेब."

"नाहीच! आमच्या मळ्यामागे टेकडी आहे," मी म्हणालो, "पावसाळ्यात तिच्यावर उन्हाची तिरीप आली ना, की असं काही चकाकतं..." आणि मी हाताने टेकडीचा आकारसुद्धा दाखवला. मालक पुढे झुकून, डोळे मोठे करून ऐकत होता. शिपायाने घसा खाकरला तेव्हा माझा हात हवेत होता. तो मी खाली घेतला आणि मला एकदम सगळं कळलं. मुंबईत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न गावाचा. या पठ्ठ्याने त्याच प्रश्नावर कंपनी उभारली होती.

मी ताबडतोब पैसे भरलेल्यांपैकी सापडतील तेवढ्यांना बोलावलं. पैसे अजून भरले नव्हते तरी जॉबरही आले, मागोमाग वहिनी आल्या. नेहमी आम्ही साक्षीदारांना वेगवेगळं बसवतो. त्या दिवशी मी सगळ्यांना व्हरांड्यातल्या एकाच बाकावर दाटीवाटीने बसवलं, चहा दिला, आणि खिडकीच्या आत उभा राहिलो. बराच वेळ सगळे शपथेला जागून चहा फुंकत राहिले. मग एक तरुण बँकेचा शिपाई सहज बोलून गेला, "काय नाय होणार. एकदा लांज्याला रस्ता झाला, की मशिनं वर चढतील."

"लांज्याला कशाला मशिनं?" जॉबर म्हणाले.

"खाण तिथे हाय ना काका. आमच्या सड्यावर, उघड्या कातळात."

"लांज्याच्या सड्यावर? पाणी तरी लागतं काय रे तिथे? खाण आमच्या डोंगरात, कणकवलीच्या वर!"

"ओ, काय बोलताय? गुहागरला हाय ती!" तिसरा उठून उभा राहिला. "मला त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलीय!"

"बोट तुझंच होतं ना पण?" चौथ्याने विचारलं.

आपण फसलो याचं दुःख अजून कुणालाच नव्हतं. दुसऱ्याच्या गावात खाण असल्याचा मात्र भयंकर संताप होता. कपबशा फुटल्या. जॉबरांची टोपी पडली. लांजेवाल्याने गुहागरवाल्याची कॉलर धरली. तेवढ्यात आत जबाब लिहायला बसलेला आमचा हवालदार ताडकन उठला, दारात आला आणि ओरडला, "गप बसा की समदे! खान आमच्या मान तालुक्यात हाय!"

सगळे त्याच्याकडे वळले. हवालदार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, पोट बिघडलं नव्हतं."

पुढचं सोपं होतं. सरकारी खात्याकडे विचारणा केली, तर त्या कंपनीच्या नावाने परवाना सोडाच, साधा अर्जही कुठल्या जिल्ह्यात नव्हता. बरणीतल्या दगडाला सोनेरी रंग फासलेला होता. दफा चारशे वीसखाली गुन्हा दाखल झाला. मालकाने फार आढेवेढे घेतले नाहीत. फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, गाव मी एकालाही सांगितलं नाही. मी विचारायचो, तेच सांगायचे. मी नुसती मान हलवायचो." खटला रखडत चालला, पण शिक्षा झाली. काहींना थोडेफार पैसे परत मिळाले, काहींना नाही. हवालदाराला मिळाले नाहीत.

जॉबरांच्या जबाबाने मात्र माझा घाम काढला. 'माझ्या गावात सोने असल्याचे खोटे सांगून' हे वाक्य वाचून ते अडून बसले. "सोने असल्याचे सांगून, एवढंच लिहा. खोटे काढा."

"काका, खोटे काढलं तर केस राहत नाही."

ते लेखणी धरून बसून राहिले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "सही करा. गावाक काय्येक कळूचा नाय." तेव्हा त्यांनी सही केली. डोळे भरून आले होते, आणि ते पाहून मलाही वाईट वाटलं.

माणूस लोभाने फसतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या बाकावर लोभी म्हणावा असा एकही नव्हता. ज्या गावाने पोट भरलं नाही म्हणून बापजादे मुंबईला आले, त्याच गावाखाली सोनं आहे, एवढं त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं. तेव्हापासून अशा कंपन्यांबद्दल कुणी सल्ला विचारला, तर मी प्राध्यापकांचं म्हणणं सांगतो आणि वर एक पुस्ती जोडतो: समोरच्याने तुमचं गाव विचारलं तर पाकीट आत ठेवा.

काही महिन्यांनी त्या चाळीतल्या नव्या खोलीत सत्यनारायणाला मला बोलावणं आलं. जॉबर सोवळं नेसून पूजेला बसले होते. प्रसाद घेताना त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच विचारलं, "साहेब, तो माणूस चोर, कबूल. पण आमचा डोंगर खणून बघितला काय कुणी?"

"नाही," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

मला काळजी वाटली. निघताना बूट घालायला वाकलो, तर दारावर नवी कोरी पितळी पाटी दिसली. तीवर एकट्या वहिनींचंच नाव होतं. त्या काळी चाळीत मी असं कुठे पाहिलं नव्हतं. वहिनी पोचवायला दारापर्यंत आल्या होत्या, त्यांना विचारलं.

"खोली माझ्या नावार," त्या म्हणाल्या. "बँकेचा पुस्तकय माझ्या नावार."

"आणि काकांच्या नावावर काय ठेवलंत?"

वहिनींनी आत प्रसाद वाटणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"डोंगर आसा मां तेंच्या नावार," त्या म्हणाल्या.