बट्टिकलोआच्या तळाशी आमचा आजा

"दादाराव, समुद्रात जातोस तर मेल्याचा पुरावा आण. मग पान वाढू."

सोयगावच्या एस.टी. स्टँडवर अण्णांनी मला असा निरोप दिला. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. पितृपक्षात आमच्या घराण्याची पंगत त्यांच्या अंगणात बसते. सगळ्या पितरांना पान वाढतात, माझ्या आजाला नाही.

आमचं मेंढरं राखणारं घर. निजामाच्या काळात आजानं दोन मेंढरं हरवली म्हणून थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांच्या आजानं, त्याला बडवलं. तो मुंबईला पळाला आणि जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढायला लागला. महायुद्धात कोलंबोहून त्याचं एक कार्ड आलं. त्यावर जहाजाचं नाव होतं. पुढं जपानी विमानांनी ते जहाज बट्टिकलोआजवळ बुडवलं. अण्णांचं म्हणणं, "तो आदल्या बंदरात उतरला असंल. दुसरा संसार थाटला असंल. जित्या माणसाला पान वाढायचं व्हय?"

बडवलं त्यांच्या घरानं आणि पुरावा मागायचा माझ्याकडं!

शहरातल्या शहागंज बाजारात माझं बादल्या-टपांचं दुकान आहे, हातगाडीवरून वर आणलेलं. पाण्याशी माझा संबंध बादलीपुरता. तरी पंचेचाळिसाव्या वर्षी महापालिकेच्या तलावात पोहायला शिकलो आणि तारकर्लीला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायलाही शिकलो. चाळीस मीटर खाली जायचा परवाना मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. राग टिकून होता, म्हणून जमलं.

बट्टिकलोआ श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. माडांच्या मागं खाडी, पुढं समुद्र. सकाळी पिट्टू (तांदळाचं पीठ आणि खोबरं नळीत उकडून केलेला पदार्थ) आणि माशाचं कालवण मिळालं. कालवण एवढं तिखट, की मला खानावळवाल्याबद्दल आदर वाटला.

पाणबुड्यांच्या दुकानात भिंतीवर आमच्या जहाजाचा इतिहास टांगलेला होता. कप्तानाचं नाव, त्याची पदकं. कप्तानाच्या कुत्र्याचंही नाव होतं. ते पोहून वाचलं म्हणे. सगळ्यात खाली एक ओळ, 'आणि इतर खलाशी'. त्या इतरांत माझा आजा. कुत्र्याचं नाव लिहायला भिंतीवर जागा होती.

दुकानाचा मालक तंगराज स्वतःच वाटाड्या. दुबईच्या हॉटेलात राबून हिंदी शिकलेला. त्यानं भाव सांगितला, मी निम्मा मागितला. तो हसला. मी उठून चालायला लागलो. शहागंजात गिऱ्हाईक चार पावलं गेलं की मागून हाक येते. इथं वाळूत मी चाळीस पावलं गेलो, तरी हाक नाही. वळून पाहिलं, तर तंगराज बसून चहा पीत होता. परत जाताना ती वाळू फार तापली होती.

"ठीक है," मी म्हणालो. "लेकिन भट्टी की खोली तक ले जाना."

"वो बावन मीटर. तुम्हारा कागज चालीस. नहीं."

"दस-बारा मीटर से क्या होता?"

"आदमी मरता," तंगराज म्हणाला. "और एक बात. वो कबर है. कुछ उठाना नहीं."

एखादा बोल्ट आणून अण्णांच्या ताटात आपटायचा, हा माझा बेत होता. तोही बुडाला.

दुसऱ्या सकाळी दोरी धरून उतरलो. कान दुखला की थांबायचं असतं. मी थांबलो नाही. इतक्या दूर येऊन कानाचं कोण ऐकतो! जहाज आडवं पडलेलं होतं, एखादी टेकडी कलंडावी तसं. चाळीस मीटरवर एक काळं दार दिसलं. खालच्या भट्टीकडं जाणाऱ्या जिन्याचं दार तेच. आजा रोज तिथनंच उतरत असणार.

तंगराजनं घड्याळ दाखवून वर चलायची खूण केली. माझे वडील मेंढरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे. मी तंगराजचा हात धरला आणि त्याची पाच बोटं दाबली. त्यानं मान हलवली. तीन दाबली. पुन्हा नकार. मग त्यानं हवेचा काटा पाहिला आणि माझं एकच बोट दाबलं.

एक मिनिट. आयुष्यात एवढ्या तोट्याचा सौदा मी केला नव्हता, आणि एवढ्या लगबगीनं कबूलही केला नव्हता.

खिशातून भंडाऱ्याची (खंडोबाच्या हळदीची) पुडी काढून त्या दारात सोडली. तेवढ्या खोल पाण्यात पिवळा रंग पोचत नाही. भंडारा राखेसारखा करडा दिसला आणि हळूहळू जिन्यावरून खाली गेला. अंत्यविधीत राख पाण्यात सोडतात. एवढ्या वर्षांनी आमच्या आजाला ती मिळाली. मी पत्र्यावर कपाळ टेकवलं.

होडीत तंगराज म्हणाला, "पानी के नीचे भी भाव करता! पहला आदमी देखा." मला ते अर्धवटच ऐकू आलं. उजवा कान बंद झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, महिना-दीड महिना लागेल.

पंगतीच्या दिवशी, बंद कानासकट, सोयगावला पोचलो. कुणाला न विचारता एक पत्रावळ आणून ओळीत मांडली. भात, कढी, वडे स्वतः वाढले. अण्णांच्या कपाळावर आठ्या चढायला लागल्या तशी मी माझ्या उजव्या बाजूची जागा झटकली.

"अण्णा, या. इथं बसा."

अण्णा बसले आणि बोलायला लागले. हातवारे करून पुष्कळ बोलले. मी मान हलवत निवांत जेवलो.