डोळ्यांनी बघून येणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंना या जगात कोणी फसवू शकणार नाही, कारण मोबाईलवर मेसेज आला की ते तो वाचतात आणि चपला घालतात. रावेतचं जुनं शेतकरी घर. जमिनीवर आता सोसायट्या उभ्या, हाताशी वेळ भरपूर आणि स्कूटर दणकट. त्यामुळे मोबाईलवर जे उगवेल ते स्वतः जाऊन पाहून यायचं, हा त्यांचा नेम. ‘आज तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला, तर खालच्या नंबरला फोन न लावता हे थेट वीज कार्यालयाच्या खिडकीशी हजर. “तोडायची तर माझ्यासमोर तोडा!” बँकेच्या नावानं फोन आला, तर “शाखेत हाय ना तुमी? बसा तिथंच, आलोच,” म्हणून निघतात, पलीकडचा बहुधा बसत नाही. एकदा त्यांच्या मुलीनं नव्या नंबरवरून ‘पप्पा, मोबाईल पडला, आता हा नंबर’ असं कळवलं. हे तळवड्याला तिच्या कंपनीच्या गेटवर. पोरीला मीटिंगमधून खाली बोलावलं, नीट न्याहाळलं आणि “व्हय, तूच हायेस,” म्हणून परत. मोबाईलवर आलेली लग्नपत्रिका तर ते उघडतच नाहीत. “पत्रिका घेऊन माणूस दारात येतो, अक्षता देतो, च्या पितो. फायलीतनं येणारं ह्ये कसलं आवतण, राव?” यापायी काही चांगली जेवणं हुकली आणि पाव्हणे रुसले.

यावरून साडूंची सगळ्यांत जास्त चेष्टा मीच केली, हे आता लिहूनच टाकतो. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्सला. ‘अनोळखी फाइल उघडू नका’ हे पोस्टर माझ्याच खुर्चीमागे. आणि गेल्या लग्नसराईत, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हातानं मी तसलीच एक पत्रिका उघडली. इन्स्टॉल करू का, असं मोबाईलनं विचारलं. पत्रिकेला इन्स्टॉल कशाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घास संपेपर्यंत मोबाईल माझं ऐकेनासा झाला आणि माझ्या नावानं सगळ्या नात्यागोत्यात मेसेज गेला: पिंपरीत दवाखान्यात ॲडमिट आहे, बोलता येत नाही, लगेच पैसे पाठवा.

सासूबाई ठेव मोडायला निघाल्या. सासरे गेल्यावर त्या एवढ्या ठेवीवरच दिवस काढतात. साडूंनी त्यांना उंबऱ्यावर अडवलं.

“मामी, आधी मी बघून येतो.”

“अवो, जावई हाय माझा!”

“माझा बी साडू हाय. म्हणून तर चाललोय.”

पिंपरीच्या दवाखान्यात त्यांनी वॉर्डामागून वॉर्ड पालथा घातला. तोंडावर पांघरूण घेऊन निजलेल्यांनाही सोडलं नाही. मी सापडेना, तेव्हा चाकणचा तो ट्रॅफिक तुडवत कंपनीच्या गेटवर आले. मी बाहेर आलो, तर त्यांनी आधी माझ्या दंडाला हात लावून पाहिलं, मग फोन लावला. “मामी, धडधाकट हाय. ठेव ऱ्हाऊ द्या.” माझा मोबाईल बंद करायला लावला, स्वतःच्या मोबाईलवरून, माझ्या कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवून खातं थांबवायला लावलं आणि म्हणाले, “बसा मागं, पोलिसात जाऊ.” फाइल मीच उघडली, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी घरी कधी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही, आजपर्यंत.

स्कूटरला फुगलेली पिशवी लटकत होती. आत चटई, टॉवेल, धुतलेला सदरा आणि मऊ भाताचा डबा.

“भाऊ, मेसेज खोटा हे तुम्ही ओळखलं होतं ना? मग हे काय?”

“खोटाच असणार, ठाव हुतं,” स्कूटरला किक मारत ते म्हणाले. “पण एखाद्या टायमाला खरा निघाला असता, तर तुमच्यापाशी बसाया कोन हुतं?”

पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसलो. पोलीस चौकी आली. टॉवेलात गुंडाळलेला तो डबा मांडीला अजून कोमट लागत होता.