बाहेर बसण्याचा उपाय

मला अक्षरं आली ती केस पिकल्यावर, धाकट्या नातीच्या पाटीवर गिरवून गिरवून. त्यामुळे लिहायला बसले की बोटं दुखतात आणि डोकं तापतं. तरी हे लिहितेच. परवा थोरल्या नातीला सासरची माणसं न्यायला आली. तिचं लेकरू अजून मान धरत नाही. पोरीच्या डोळ्यांतलं भय मला लांबून ओळखू आलं, पण घरातल्या साऱ्या बायका खाली मान घालून शेंगा सोलत बसल्या. या गोष्टीवर बायकांनी बोलायचं नसतं म्हणे. कोणी ठरवलं हे, कोण जाणे.

माझी पहिली लेक झाली ती कापसाच्या तेजीत. समुद्रापार कुठे तरी साहेब लोकांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं, एवढंच आम्हाला ठाऊक. माझं माहेर अकोल्याजवळ, मोर्णेच्या काठी. सासर तेल्हाऱ्याकडच्या काळ्या रानात. बाळंतपणाला मी माहेरी होते. ते बाळंतपण मी आजही नीट आठवू शकत नाही. आठवतो तो मायच्या लुगड्याचा फाटका पदर, जो मी दातात धरला होता, आणि नंतर सुईणीचा घामेजलेला चेहरा. मी मेले असं समजून माझी आजी रडायलाही लागली होती.

मी मेले नाही. पण उठून बसायला लागल्यावर सुईणीने मायला कोपऱ्यात घेतलं. कोपरा काही फार लांब नव्हता, मला सगळं ऐकू आलं.

"हे पोट्टी बकऱ्यामागं पयाले लागेपावतर तुया लेकीच्या पोटात दुसरं येऊ देऊ नोको. अंदरून पुरी उसवली हाय ते. पुढच्या वर्सी असंच झालं तं मले बलावू नोको, मी येनार नाई."

माय म्हणाली, "ते का आपल्या हाती हाय?"

"मंग कोनाच्या हाती हाय?" सुईण तिच्यावर खेकसली.

मला त्या बाईचा तेव्हा फार राग आला होता. एवढं भयंकर बोलते आणि वर आवाजही चढवते! पुढे कळलं की आपल्याशी खरं बोलणारी तीच एकटी होती. तिने मला उपाय सांगितले, तेही लाजत-मुरडत नाही, भाजीवाली भाज्या दाखवते तसे. पहिला, माहेरीच राहायचं. दुसरा, फकिराचा काळा दोरा कमरेला बांधायचा. यावर ती स्वतःच हसली. तिसरा कपाशीच्या मुळीचा काढा. तो मात्र तिने हात जोडून नको म्हटलं. पलीकडच्या गावात एका बाईने तो घेतला होता. तिची तीन लेकरं आता मावशीकडे वाढत होती. आणि चौथा, लेकरू अंगावर पाजत राहायचं. दिवसा, रात्री, मागेल तेव्हा, दुसरं काहीच न देता. लेकरू छाती सोडत नाही तोवर बाई बाहेरची होत नाही, आणि बाहेरची होत नाही तोवर बहुतेक धोका नाही.

"बहुतेक?" मी विचारलं.

"बहुतेकच," ती म्हणाली. "अजून एक उपाय हाय. मालकाले नाई म्हनजो."

आमच्यात तेव्हा सासू-सासऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलणंसुद्धा बेअदबी होती. आमच्या ह्यांना काही हवं असलं तर ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचे आणि मीही भिंतीलाच उत्तर द्यायची. अशा माणसाला नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

तेव्हा मी माहेर आणि छाती हे दोन उपाय धरले. लेक दूध पिऊ लागली की मी दाराकडे पाहत बसायची. रस्त्यावर बैलबंडीचे घुंगरू वाजले की तिला पदराखाली ओढून घ्यायची. आमच्याकडे पहिलटकरीण लेकरू रांगायला लागेपर्यंत माहेरी राहते, त्यामुळे मला बराच वेळ आहे असं माय सांगायची. पण त्या वर्षी कापसापुढे कसली रीत आणि कसलं काय. वेचायला माणूस मिळेना. जी वेचणारी मिळत ती जास्त देईल त्याच्या शेतात उठून जात. दिवाळी होते न होते तो सासूबाई स्वतः बंडीत बसून मला न्यायला आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. मायने एकदा तोंड उघडून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "शेत पांढरं होऊन राह्यलं अन् माही सून इथं पलंगावर?" मायने माझं गाठोडं बांधून दिलं. मी बंडीत बसले. सुईणीने सांगितलेलं आत्याबाईंना सांगावं असं मायला फार वाटत होतं. पण नातवाची वाट पाहणाऱ्या विहिणीला, लेकीला लेक झालेली असताना, हे सांगायचा तिला धीर झाला नाही.

सासरी मी लेक पाठीशी बांधून शेतात जाऊ लागले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाला झोळी बांधायची, कमरेला कापसाची ओटी बांधून कपाशीच्या ओळीत, तासात शिरायचं, कापूस वेचायचा आणि लेक रडली की पळत झोळीकडे. सगळं लक्ष त्या रडण्याकडे. ती रडली नाही तरी मला वाटायचं रडली. आत्याबाई शेजारच्या तासात. माझी ओटी अर्धी आणि त्यांची भरलेली असायची. आठवडाभर त्यांनी दम धरला. मग एके सकाळी म्हणाल्या, "पोट्टी घरी ठेव. जेठानीजवळ राह्यन ते."

जाऊ घरात स्वयंपाक आणि गुरांचं पाहायची, तिची स्वतःची तीन. तिने तेच केलं जे गावातल्या प्रत्येक घरात होत होतं. सकाळी अफूचा मोहरीएवढा कण लेकराच्या जिभेवर ठेवला की ते संध्याकाळपर्यंत झोपायचं. त्या तेजीत वऱ्हाडातली अर्धी लेकरं अशी झोपून वाढली, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. शेतात माझी छाती दुपारपर्यंत दगड व्हायची. मी कपाशीआड बसून दूध मातीत पिळून टाकायची आणि रडायची. संध्याकाळी घरी पळत यायची तर लेक अशी सुस्त की तोंडात दिलेलं धरायची नाही. हळूहळू दूधच आटलं. आणि एक दिवस तासात उभी असताना मांडीवरून ऊन काही तरी उतरलं. मी बाहेरची झाले होते.

मला वाटलं, संपलं.

आत्याबाई मात्र खुलल्या. आमच्याकडे कावळा शिवलेली बाई तीन दिवस गोठ्याला लागून असलेल्या पडवीत वेगळी बसते. तिने चुलीला, पाण्याला, उभ्या पिकाला हात लावायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसते, म्हणजे साऱ्या गावाला कळतं. आत्याबाई शेजारणीला माझ्यादेखत म्हणाल्या, "चला, सूनबाई मोकळी झाली. आता नातू पाहाले हरकत नाई." त्या वेळी आमचे हे कापसाच्या बंड्या घेऊन अमरावतीला गेले होते. तिथल्या बाजारात बंड्यांची एवढी रीघ लागायची की माल मोजून परतायला कितीही दिवस लागत. ते आले की माझं काय होणार, एवढाच एक विचार मला त्या पडवीत खात होता.

पण त्याच पडवीत मला एक गोष्ट ध्यानात आली. लेकीला माझ्याकडे द्यायचं तर तिच्या अंगावर कपडा नको. उघड्या लेकराला विटाळ नाही. जाऊ तिचं कुंची-झबलं काढून तिला दुरून माझ्याकडे सरकवायची. आणि मला शेतात जायचं नव्हतं, म्हणून लेकीला अफूचीही गरज नव्हती. तीन दिवस ती माझ्याजवळ जागी होती. चोखत होती. तिसऱ्या दिवशी मला पुन्हा दूध आलं. आणि या तीन दिवसांत मला कोणी पुरुष शिवू शकत नव्हता.

मग काय! अमरावतीहून परतणाऱ्या बंड्यांचे घुंगरू वेशीत वाजले आणि मी हातातलं टोपलं टाकून पडवीत जाऊन बसले. "कावळा शिवला," म्हटलं. ह्यांनी दुरूनच पाहिलं, बैलांना पाणी दाखवलं, दोन दिवस राहिले आणि पुन्हा माल भरून निघाले. त्यानंतर दर वेळी मी तेच केलं. खोटं बोलले, आणि त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मात्र चैन पडत नव्हतं. शेतात असले तर कान रस्त्याकडे, पडवीत असले तर डोळे आत्याबाईंवर. रात्री कुत्रं भुंकलं तरी दचकून उठायची. एकदा तर ते आल्याचं मला उशिरा कळलं आणि मी भर शेतात मटकन बसून "बाजूला झाले, बाजूला झाले" असं ओरडले, तेव्हा वेचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

आत्याबाई हसल्या नाहीत. वेचणीच्या ऐन दिवसांत सून सारखी बाहेर बसते हे त्यांना परवडणारं नव्हतं. आणि दुसरीही कुजबुज सुरू झाली होती. घराघरांत पैसा खुळखुळत होता, शेजारच्या गावात एकाने पहिली असताना दुसरी आणली होती. आत्याबाई एकदा मला ऐकू जाईल असं जावेला म्हणाल्या, "मानूस घरी येते अन् हे बाहेर बसते. असं चाललं तं दुसरी पाहा लागन." म्हणजे खोटं उघडं पडलं तर बाळंतपणात मरायचं, आणि टिकलं तर सवत.

शेवटी मला धरलं ते चिंध्यांनी. बाहेरच्या बाईच्या धुतलेल्या चिंध्या गोठ्यामागच्या कुंपणावर वाळत असतात. खोटं बोलताना मला सगळं सुचलं, हे नाही सुचलं. आमचे हे बंडी घेऊन गेल्यावर आत्याबाई पडवीसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुया चिंध्या कुठी वाळून राह्यल्या?"

मग मी सगळंच सांगितलं. सुईण, उसवलेलं अंग, कोपऱ्यातलं बोलणं, सगळं. "आत्याबाई, मले मराचं नाई," एवढं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मले सात झाले," त्या म्हणाल्या. "मी मेली का?" आणि कापसाचं गाठोडं उचलून चालत्या झाल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पुन्हा शेतात जाऊ लागले, लेक पुन्हा घरी झोपू लागली. मला पडवीची वाट बंद झाली होती; आत्याबाई साऱ्यांदेखत पदर धरून मला ओढून काढतील याची मला खात्री होती. मायकडे पळून जावं असं मनात यायचं, पण कुठल्या बंडीत बसून जाणार? सगळ्या बंड्या कापसाच्या.

आमचे हे एका दुपारी आले. जावेला ताप होता म्हणून मी त्या दिवशी घरी चुलीशी होते, हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठात, लेक कपड्यात गुंडाळलेली पाटाजवळ. अंगणात बैल सोडल्याचा आवाज आला. त्यांचं खाकरणं ऐकू आलं. मी उठले नाही. भाकरी थापत राहिले आणि ती थापता थापता फाटली. जेवायला घरी आलेल्या आत्याबाई उठून अंगणात गेल्या. आता सांगतील, मला वाटलं. चिंध्यांचं सांगतील, सगळं सांगतील.

बाहेरून त्यांचा आवाज आला, नेहमीचाच, कडक.

"पाय धू अन् ओसरीवरच बस. बाहेर बसली हाय ते. सकायपासून बसली हाय."

मी तशीच, पिठाच्या हातांनी, मागच्या दाराने पडवीत पळाले. भिंतीला पाठ लावून बसले आणि पिठाचे हात पदरात लपवले. आत आत्याबाईंनी माझं अर्धं राहिलेलं पीठ ओढून घेतल्याचा आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मुलाला वाढून झाल्यावर त्या मागे आल्या. लेक काखेत होती, डोळे उघडे, जागी. त्यांनी माझ्याकडे न पाहता तिचं झबलं काढलं, कुंची काढली, तिला पुरती उघडी केली आणि माझ्या पायांशी ठेवलं.

"पाहून काय राह्यली?" त्या म्हणाल्या. "मले सात झाले. दोन राह्यले. पाज तिले."