गेटवरची हजेरी

सिल्वासात आम्ही दोघे डोकमर्डी वस्तीतल्या एका खोलीत राहायचो. मी नाशिकचा, कारखान्यात शिफ्टचा साहेब. तो धुळ्याकडचा, गेटवर हजेरी घेणारा. कामावर तो मला साहेब म्हणायचा, खोलीवर भाऊ.

त्या सकाळी त्याचा गेटवरून फोन आला. "साहेब, आज धुणं काढलंय का तुम्ही? ब्लीचिंग पावडरचा वास मारतोय इकडे."

मी हसलो. तेवढ्यात क्लोरीनच्या शेडमधून माणसं खोकत बाहेर आली आणि भोंगा झाला.

भोंगा झाला की गेटवर जमायचं, हजेरी द्यायची, ही सवय आम्हीच लावलेली. सरावात वारा कुणी बघत नसे. गेट उताराच्या तळाशी, आणि वारा तिकडेच वाहत होता. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो, हे मला पाठ होतं.

पुन्हा फोन. "लोकांचे डोळे चुरचुरतायत. वरच्या रस्त्याला पाठवू का?"

"आधी हजेरी. आत कोण राहिलंय ते कळल्याशिवाय एकालाही सोडायचं नाही."

"बरं."

किलवणी गावाहून कामाला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. पिवळट धूर पोहोचला तरी तो नावं पुकारत होता. मग सगळे पळाले, वाऱ्याबरोबरच. वाऱ्याला आडवं होऊन चढावर जायचं, कपडे उतरवून डोळ्यांवर, अंगावर भरपूर पाणी घ्यायचं, हे सांगायला मी तिथे नव्हतो. मी वर, स्वच्छ हवेत होतो.

बाकीचे बरे झाले. त्याची छाती कायमची गेली.

चौकशीत विचारलं, लोकांना कुणी थांबवलं? मी म्हणालो, "घाबरून त्याचं डोकं चालेनासं झालं असेल." त्याला काढून टाकलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. ट्रंक उचलताना त्याला धाप लागली, मी हात पुढे केला.

"राहू द्या, साहेब." खोलीवर पहिल्यांदाच साहेब.

पुढे मी जमायची जागा चढावर नेली, शेडवर वारा दाखवणारी कापडी नळी लावली. शाबासकी मिळाली. खोलीत दुसरा माणूस मी कधी घेतला नाही.

तो वारल्याचं कळल्यावर धुळ्याला गेलो. गल्लीच्या तोंडाशी घर विचारलं.

"तोच ना, ज्याने माणसं गॅसमध्ये अडवून ठेवली?" पानवाला म्हणाला.

मी "हो" म्हणालो आणि तिथूनच स्टँडवर परतलो.

ते "हो" खोटं होतं. हुकूम माझा होता.